ग्रुपमधून काढलेल्या सदस्याचं अपील कसं ऐकायचं?

प्रश्न थोडक्यात असा. गच्चीवरच्या बागेचा एक फेसबुक ग्रुप आहे, साडेअकरा हजार सदस्य आणि पाच ॲडमिन. त्यात एक ज्येष्ठ सदस्य आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. कीड, बुरशी, कुंडीतली माती यांवर त्यांच्याइतकी नेमकी उत्तरं दुसरं कुणी देत नाही. पण नवखा माणूस दिसला की ते त्याला सोलून काढतात. आकसलेल्या पानांच्या मिरचीच्या रोपाचा फोटो टाकणाऱ्या एका मुलीला त्यांनी लिहिलं, 'एवढीही अक्कल नसेल तर प्लास्टिकची फुलं लावा.' तिने उलट उत्तर दिल्यावर तिचं प्रोफाइल उघडून तिच्या नोकरीवर घसरले. त्या रात्रीच एका ॲडमिनने त्यांना बॅन केलं. सकाळी काकांचा मेसेंजरवर प्रश्न आला, 'माझं काय चुकलं ते सांगा.' ग्रुपवर 'काकांना परत आणा' अशा पोस्टी सुरू झाल्या. पुढे त्यांच्या पत्नीच्या खात्यावरून त्याच भाषेत कमेंटी यायला लागल्या. ॲडमिनांमध्ये दोन तट पडलेत. त्यांना परत घ्यायचं का, आणि यापुढे अपिलाची काही पद्धत बसवायची तर कशी, असं तुम्ही विचारलंय.

काकांना लगेच परत घेऊ नका. पण त्यांना का काढलं हे आजच्या आज लेखी कळवा, कारण ते अजून कुणीच कळवलेलं नाही. त्यांचा प्रश्न मेसेंजरवर तसाच पडून आहे आणि तुम्ही पाच जण आपापसात त्यावर खल करताय. ज्याला कारणच सांगितलेलं नाही, तो अपील कशाविरुद्ध करणार? तो भांडू शकतो, माणसं गोळा करू शकतो, मागच्या दाराने येऊ शकतो. काकांनी नेमकं हेच केलंय. त्यातलं काहीही मी योग्य म्हणत नाही, पण समोरचं दार कुठे आहे ते तुम्ही त्यांना दाखवलेलं नव्हतं.

बरीच वर्षं मराठी ग्रुप सांभाळल्यावर आणि विकिपीडियावरचे असले वाद जवळून पाहिल्यावर माझं मत पक्कं झालंय: अपील नीट चालणार की चिघळणार, हे बंदी घालतानाच्या मेसेजवर ठरतं. अपिलासाठी समिती नेमा, फॉर्म बनवा, मतदान घ्या, त्या पहिल्या मेसेजमध्ये गोंधळ असेल तर पुढचं सगळं त्या गोंधळाचा अर्थ लावण्यात जातं. म्हणून आधी तो मेसेज लिहू. तुमच्या प्रसंगात मी तो असा लिहीन:

'नमस्कार काका. १२ तारखेला मिरचीच्या रोपाच्या पोस्टखाली तुम्ही पोस्ट टाकणाऱ्या सदस्येच्या अकलेबद्दल आणि नंतर त्यांच्या नोकरीबद्दल लिहिलंत. दोन्ही कमेंटचे स्क्रीनशॉट सोबत आहेत. ग्रुपचा नियम ३ आहे: सल्ला झाडाबद्दल द्या, माणसाबद्दल बोलू नका. याच नियमाबद्दल मार्चमध्ये तुम्हाला मेसेंजरवर कळवलं होतं. म्हणून तुमचा ग्रुपमधला प्रवेश तीन महिन्यांसाठी थांबवला आहे. आमचं काही चुकलं असं वाटत असेल, किंवा मुदत संपण्याआधी परत यायचं असेल, तर इथेच लिहा. हा निर्णय ज्यांनी घेतला ते सोडून दुसरे दोन ॲडमिन तुमचं म्हणणं वाचतील आणि सात दिवसांत उत्तर देतील. – ॲडमिन मंडळ'

यात एकही विशेषण नाही, ते बघा. 'उद्धट', 'अहंकारी', 'वातावरण बिघडवणारे' यातलं काहीच नाही. विशेषण लिहिलं की समोरचा आपल्या स्वभावाची बाजू मांडायला लागतो. मग त्यांनी किती जणांची झाडं वाचवली, किती जणांना फुकट बिया पाठवल्या, हे सांगणारे पन्नास साक्षीदार उभे राहतात, आणि ते सगळे खरंच बोलत असतात. घटना लिहिली तर बोलणं त्या दोन कमेंटपुरतं राहतं. त्या लिहिल्या की नाही, नियमात बसतात की नाही, एवढंच तपासायचं. 'सततच्या तक्रारींमुळे आपल्याला काढण्यात येत आहे' हे मराठी ग्रुपांत सर्रास वापरलं जाणारं वाक्य तर पूर्ण टाळा. कोणाच्या तक्रारी, कशाबद्दल, किती, यातलं त्यात काही नसतं. शिवाय वाचणारा लगेच 'कोणी चुगली केली' या शोधाला लागतो.

वयाचाही एक प्रश्न आहे, आणि आपल्याकडे तो खरा आहे. साठी उलटलेल्या माणसाला पंचविशीतल्या ॲडमिनने नोटीस द्यायची म्हणजे हात अडखळतो. मग लिहिलं जातं, 'काका, आपण मोठे आहात, जरा सांभाळून घ्या, मुलं नवीन आहेत.' त्यांना यात फक्त 'आपण मोठे आहात' एवढंच ऐकू येतं. तुम्ही मार्चमध्ये पाठवलेला मेसेज मला दाखवलात, तो याच धाटणीचा आहे. काकांना तो इशारा वाटलाच नसेल तर मला नवल वाटणार नाही, आणि त्यांनी अपिलात तसं म्हटलं तर ते म्हणणं मान्य करावं लागेल. मान द्यायचा तो संबोधनात द्या, निर्णय मात्र स्पष्ट सांगा. 'थांबवला आहे' असं लिहा. 'थांबवावा असा विचार आहे' असं लिहू नका.

बॅनचं बटण दाबण्याआधी पुरावा जपायचा, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. फेसबुक ग्रुपमधून कुणाला बॅन करताना त्याच्या अलीकडच्या पोस्ट-कमेंटी काढून टाकायचा पर्याय समोर येतो. जाहिरातींचा रतीब घालणाऱ्या खात्याला तो ठीक आहे. वाद झालेल्या सदस्याच्या बाबतीत त्यावर टिचकी मारलीत तर ज्यावर निर्णय घेतला तेच पुसलं जातं. टेलिग्रामवर ॲडमिनांना दिसणारी अलीकडच्या कृतींची नोंद ४८ तासच राहते. डिस्कॉर्डची ऑडिट नोंद ४५ दिवसांची. अपील तीन महिन्यांनी आलं तर यातलं काहीही हाताशी नसणार. म्हणून एक साधी गुगल शीट ठेवा: तारीख, सदस्य, नियम, स्क्रीनशॉटची लिंक, निर्णय कोणी घेतला, आणखी कोणी पाहिला, मुदत, अपील आलं का, त्याचं काय झालं. ही शीट फक्त ॲडमिनांना दिसावी. तिच्यात शेरेबाजी नको, कारण आज ना उद्या तिचा स्क्रीनशॉट बाहेर जातो असं धरूनच लिहायला हवं.

आता अपील ऐकायचं कोणी? बंदी घालणाऱ्याने ते ऐकू नये. इंग्रजी विकिपीडियावर हे नीट रुळलेलं आहे. खातं रोखलं गेलं तरी सदस्याचं स्वतःचं चर्चापान, म्हणजे इतरांशी बोलायचं पान, सहसा उघडं राहतं. तिथे तो एक ठरावीक साचा लावून खातं मोकळं करण्याची विनंती करतो आणि ज्याने रोखलं त्याच्याऐवजी दुसरा प्रचालक (विकिपीडियाचा ॲडमिन) ती वाचून निर्णय देतो. त्या पानाचाही गैरवापर केला तर ते बंद होतं, पण तरीही इमेलने किंवा वेगळ्या यंत्रणेतून दाद मागायची सोय उरते. त्यांचं धोरण सांगतं की खातं रोखायचं ते पुढचं नुकसान टाळायला, शिक्षा म्हणून नाही. अपील वाचताना हा फरक फार कामाला येतो. शिक्षेच्या विचाराने वाचलं तर तुम्ही 'पुरेशी भोगली का' हे मोजत बसता. नुकसान टाळण्याच्या विचाराने वाचलं तर विचारायचं एवढंच उरतं, की आज परत घेतलं तर तेच पुन्हा होईल का?

तुम्ही पाच जण आहात. एकाने बॅन केलं, दोघं काकांच्या बाजूने आधीच ग्रुपवर जाहीरपणे बोलून बसलेत. राहिले दोन. अपील त्या दोघांनी वाचावं. बाजूने बोललेले चालणार नाहीत, तसेच विरोधात बोललेलेही चालणार नाहीत. लहान ग्रुपांत असे दोन जण उरतच नाहीत, ही खरी अडचण आहे. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे, पण तिथेही प्रचालक मोजकेच आणि सगळे एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणारे. कुणाचं ना कुणाशी कधीतरी वाजलेलं असतंच. अशा वेळी मी बाहेरचा माणूस घेतो: पूर्वी ॲडमिन असलेला आणि आता निवृत्त झालेला कुणी, किंवा त्याच विषयावरच्या दुसऱ्या ग्रुपचा ॲडमिन. त्याला फक्त नोटीस, स्क्रीनशॉट, नियम आणि अपील एवढंच द्यायचं. काकांचा स्वभाव कसा आहे, याआधी काय काय झालं, हे फोनवर समजावून सांगायचा मोह टाळायचा. कागदावर जे नाही ते त्याच्या कानावर घातलं तर बाहेरचा माणूस घेण्याचा उपयोग काय?

ग्रुपवर पोल टाकून 'काकांना परत घ्यायचं का' हे सदस्यांना मात्र कधीही विचारू नका. साडेअकरा हजारांतले तीनशे जण मत देणार, त्यात काकांकडून मदत झालेले जास्त असणार. आणि ज्या मुलीला ते बोललं गेलं ती आपल्या अपमानावर लोक मत देताना बघत बसणार. तिच्यासारख्या नवख्यांचा बराचसा भाग तर आधीच गप्प बसलेला असतो किंवा ग्रुप सोडून गेलेला असतो. त्यांचं मत मोजलं जात नाही.

अपिलात तीन निरनिराळ्या गोष्टी येतात आणि त्या एकत्र कालवल्या की निर्णय बिघडतो. कुणी म्हणतो, हे घडलंच नाही, किंवा मी लिहिलंच नाही, किंवा नियमाचा अर्थ असा होत नाही. इथे फक्त तपासायचं. तो बरोबर असेल तर बंदी उठवायची, त्याच्याकडून कसलंही वचन मागायचं नाही, आणि चूक ॲडमिनांची होती असं कळवायचं, जमल्यास जिथे बंदीची चर्चा झाली तिथेही. कुणी म्हणतो, घडलं खरं, पण एवढ्यासाठी तीन महिने? इथे तुमची शीट उघडायची आणि अशाच प्रसंगात इतरांना किती मुदत दिली होती ते पाहायचं. काकांना तीन महिने आणि तसंच बोललेल्या दुसऱ्या कुणाला आठवडा असेल, तर त्यांचा मुद्दा रास्त आहे. आणि कुणी म्हणतो, घडलं, आता यापुढे असं वागेन. इथे तो पुढचं काय बोलतोय ते वाचायचं.

हा तिसरा प्रकार सगळ्यात जास्त येतो आणि त्यातच ॲडमिन सगळ्यात जास्त फसतात, कारण सगळ्यांची नजर माफीवर असते. 'मी सर्वांची हात जोडून माफी मागतो, हा ग्रुप म्हणजे माझं कुटुंब आहे, कृपया या मुलाला पदरात घ्या' असं वाचलं की मन विरघळतं. पण त्यात काय घडलं होतं याचा एक शब्द नाही. दुसरीकडे एखादा लिहितो, 'मला अजूनही वाटतं की तिने आधी ग्रुपवर शोधायला हवं होतं. पण मी नोकरीवरून बोललो ते जास्त झालं. यापुढे तोच प्रश्न पुन्हा आला तर जुन्या पोस्टची लिंक देईन, नाहीतर उत्तर देणार नाही.' हा माणूस माफी मागत नाही, थोडा ताठच आहे. तरीही मी याला आधी आत घेईन. काय चुकलं ते त्याला नेमकं कळलंय आणि पुढे काय करणार तेही ठरलंय, एवढं माझ्यासाठी पुरेसं आहे. जाहीर माफीची अट तर घालूच नका. सगळ्यांसमोर नाक घासायला लावलेला माणूस परत येतो तो मनात हिशेब ठेवून. आणि जिचा अपमान झाला तिला त्या जाहीर माफीखाली पुन्हा शंभर कमेंटी सोसाव्या लागतात. माफी मागायची इच्छा त्यांनी स्वतःहून दाखवली, तर आधी त्या मुलीला विचारा, हवी आहे का, आणि हवी तर खासगीत की ग्रुपवर.

मुदतीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण 'बेमुदत' हा शब्द आपण फार सहज वापरतो. ७ जानेवारी २०२१ ला फेसबुकने डोनाल्ड ट्रम्प यांचं खातं बंद केलं आणि ते बेमुदत असल्याचं जाहीर केलं. ते प्रकरण कंपनीच्या निर्णयांची फेरतपासणी करायला कंपनीनेच उभ्या केलेल्या ओव्हरसाइट बोर्डाकडे गेलं. ५ मे २०२१ ला बोर्डाने सांगितलं की खातं बंद करणं योग्य होतं, पण मुदत आणि निकष न देता बेमुदत ठेवणं कंपनीच्या स्वतःच्याच नियमांत बसत नाही, सहा महिन्यांत याचा फेरविचार करा. त्यानंतर जून महिन्यात कंपनीने ती मुदत खातं बंद केल्याच्या दिवसापासून दोन वर्षं अशी ठरवली. जगातल्या एवढ्या मोठ्या कंपनीलाही 'कधीपर्यंत आणि कशावरून ठरवणार' या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं. आपल्या ग्रुपमध्ये ते द्यायला काहीच अडचण नसावी. एकतर मुदत लिहा, नाहीतर मुदतीऐवजी अट लिहा: 'नियम ३ बद्दल पुढे काय कराल ते लिहून कळवेपर्यंत.' दोन्ही चालतं. फक्त 'बेमुदत' असं एकट्याने चालत नाही.

फार बिघडलेल्या प्रकरणांसाठी इंग्रजी विकिपीडियावर एक प्रघात आहे, तो मला आवडतो. सहा महिने थांबा, त्या काळात दुसऱ्या कुठल्याही खात्यावरून येऊ नका, ज्या वागण्यामुळे खातं रोखलं ते पुन्हा होणार नाही असं सांगा, आणि परत घेतल्यावर लोकांचा संताप होईल असं काही मधल्या काळात करू नका. एवढं पाळलं तर तुमची विनंती गांभीर्याने वाचली जाईल. परत घेण्याची हमी त्यात नाही, पण वाट दिसते. वाट दिसली की बरेच जण खरोखर थांबतात. त्यातले काही पुन्हा कधीच येत नाहीत, त्यांचं मन दुसरीकडे रमलेलं असतं, आणि तेही ठीकच आहे.

आता पत्नीच्या खात्याबद्दल. दुसऱ्या खात्यातून येणं हा वेगळा नियमभंग धरा आणि त्याची वेगळी नोंद करा. पण आधी एवढं बघा की नोटीस दिलेलीच नसताना ते आलेत. म्हणून यावेळी त्या खात्याच्या कमेंटी थांबवा, काकांना कळवा की मुदतीत दुसऱ्या कुठल्याही खात्यावरून आलात तर मुदत नव्याने मोजली जाईल, आणि तिथेच सोडा. बाईंना बॅन करू नका. त्या खरंच स्वतः लिहीत असतील, नवऱ्याचा राग त्यांनाही आला असेल. भाषा सारखी वाटते एवढ्यावरून घरातल्या दुसऱ्या माणसाला काढणं बरोबर नाही. विकिपीडियावर मोजक्या विश्वासू सदस्यांना तांत्रिक खुणा तपासायचा अधिकार असतो आणि तिथेही एकाच घरातली दोन माणसं वेगळी ओळखणं अवघड जातं. तुमच्या-माझ्यासारख्या ग्रुप ॲडमिनकडे तर तेवढंही साधन नाही. त्यामुळे 'कोण लिहितंय' या फंदात न पडता 'काय लिहिलंय' यावर बोला. बाईंच्या खात्यावरून नियम ३ मोडला तर त्या खात्याला नियम ३ ची नोटीस.

समर्थकांच्या पोस्टींवर एकच पोस्ट करा, कमेंटी बंद ठेवून: 'एका सदस्याचा प्रवेश नियम ३ खाली काही काळ थांबवला आहे. त्यांना कारण आणि दाद मागण्याची पद्धत कळवली आहे. दुसऱ्या सदस्याच्या प्रकरणाचा तपशील आम्ही ग्रुपवर देत नाही, तुमच्याबद्दलही देणार नाही.' नाव नको, स्क्रीनशॉट नको. काकांनी स्वतः बाहेर आपली बाजू मांडली आणि ती खोटी असली, तरी तुम्ही त्यांच्या कमेंटी चव्हाट्यावर आणू नका. हे पाळणं कठीण जातं, मला माहीत आहे. लोक ॲडमिनांना हुकूमशहा म्हणतात आणि उत्तर खिशात असूनही गप्प राहावं लागतं.

गुप्ततेला एक मर्यादाही आहे, ती इथेच सांगतो. जून २०१९ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने इंग्रजी विकिपीडियावरच्या एका अनुभवी प्रचालकावर एक वर्षाची बंदी घातली. तक्रार कोणाची, पुरावा काय, हे त्या प्रचालकालाही पूर्ण दाखवलं नाही आणि अपिलाची सोयही ठेवली नाही. तिथल्या समुदायात मोठा उद्रेक झाला, वीसहून अधिक प्रचालकांनी निषेधात आपले अधिकार सोडले. शेवटी प्रकरण त्या विकिपीडियाच्या निवडून आलेल्या लवाद समितीकडे गेलं आणि सप्टेंबरमध्ये तिने ती बंदी उठवली. प्रचालकपद मात्र परत दिलं नाही. यावरून मी माझ्यापुरतं असं ठरवलंय: बाहेरच्यांना तपशील द्यायचा नाही, ज्याच्यावर कारवाई झाली त्याला मात्र घटना पूर्ण दाखवायची. तक्रारदाराचं नाव झाकायचं असेल तर झाका, घटना झाकू नका. जिथे घटना सांगितली की तक्रारदार आपोआप उघड होतो, उदाहरणार्थ खासगी मेसेजमधून छळ, तिथे आधी तक्रारदाराची परवानगी घ्या. ती नसेल, तर निदान बाहेरच्या एका वाचकाला सगळे कागद दाखवून त्याचं मत नोंदवून ठेवा.

पूर्ण बंदी आणि पूर्ण मोकळीक यांच्या मधलं काही आहे, हे तुमच्या चर्चेत कुठेच आलेलं दिसलं नाही. काकांचं ज्ञान खरं आहे आणि त्यांचं बोलणं लागतं हेही खरं आहे. विकिपीडियावर अशा माणसाला एका विषयापासून किंवा काही पानांपासून दूर ठेवून बाकी मोकळं ठेवता येतं. डिस्कॉर्डवर जास्तीत जास्त २८ दिवस बोलणं थांबवता येतं, टेलिग्रामवर ठरावीक मुदतीपुरतं लिहिणं रोखता येतं. व्हॉट्सॲपवर मात्र एकट्या सदस्याचं तोंड बंद करायची सोय नाही, काढणं एवढंच हाती आहे, म्हणून तिथे भांडणं लवकर टोकाला जातात. फेसबुक ग्रुपमध्ये एखाद्या सदस्याच्या पोस्टी मंजुरीला लावता येतात, काही दिवस त्याला लिहिण्यापासून थांबवता येतं. काकांसाठी परतीची अट अशी ठेवता येईल: दर रविवारी कीड-रोगांवर एक पोस्ट तुम्ही लिहा, तिच्याखालच्या प्रश्नांना उत्तरं द्या, पण सहा महिने नवख्यांच्या पोस्टीखाली कमेंट करू नका. जाणकार माणसाला नवख्यांच्या त्याच त्या प्रश्नांचा वीट येणं मी समजू शकतो. त्याला त्या प्रश्नांपासून दूर ठेवणं हे त्याच्याही सोयीचं असतं, आणि बरेच जण हे मान्य करतात.

बंदी कुठवर लागू, हेही लिहायला हवं. तुमचा बिया-रोपांच्या देवाणघेवाणीचा मेळावा पुण्यात भरतो म्हणालात. काका तिथे येऊ शकतात का? माझ्या मते होय, कारण त्यांनी कमेंटीत नियम मोडला, मेळाव्यात नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे ग्रुपमधून काढणं आणि माणसाला वाळीत टाकणं यातली रेघ फार लवकर पुसली जाते. गावकीच्या, समाजाच्या, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांत तर जास्तच. तिथे कुणाला काढलं आणि पाठोपाठ 'त्याच्याकडे लग्नाला कुणी जायचं नाही' असं ठरलं, तर तो विषय ॲडमिनगिरीचा राहत नाही. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर तुमच्यातल्या एका ॲडमिनची भीती दूर करतो. 'काकांना वेळीच काढलं नसतं तर आपल्यावर केस झाली असती' असं ते म्हणतात. गोंदिया जिल्ह्यातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये सांगितलं की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर, केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही. काढलं नाही किंवा माफी मागायला लावली नाही, एवढ्यावरूनही नाही. ते प्रकरण व्हॉट्सॲपचं होतं, पण भीतीपोटी घाईने बॅन करायची गरज नाही एवढं त्यातून घेता येतं. आणि उद्या फेसबुकनेच कुणाचं खातं बंद केलं, तर त्याची दाद ग्रुप ॲडमिनकडे नसते. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जायचं, त्याचा निर्णय पटला नाही तर तीस दिवसांत केंद्र सरकारने नेमलेल्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अर्ज करायचा. या समित्या जानेवारी २०२३ मध्ये नेमल्या गेल्या.

काही प्रकार असे आहेत जिथे मी नोटीस, इशारा, मुदत यात वेळ घालवत नाही. लहान मुलांबद्दलचा लैंगिक मजकूर, कुणाचा पत्ता-फोन नंबर सूड म्हणून टाकणं, पैशांची फसवणूक, जिवे मारण्याची धमकी. तिथे आधी काढायचं, आणि गरज पडली तर पोलिसांत जायचं. तरीही खातं हॅक झालं होतं का, एवढी एक शक्यता ऐकून घ्यायला एक इमेल पत्ता उघडा ठेवा. हॅक झालेल्या खात्यांवरून फसव्या लिंका पडणं आता रोजचं झालंय आणि त्यात भला माणूस कायमचा बाहेर राहतो.

अपील फेटाळलं तर त्याचंही कारण लिहा, दोन-तीन ओळी पुरतात, आणि पुन्हा कधी अर्ज करता येईल ती तारीख द्या. 'तुमचं म्हणणं वाचलं. नोकरीवरची टिप्पणी तुमचीच आहे हे तुम्हालाही मान्य आहे. पुढे काय कराल याबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. १ नोव्हेंबरनंतर पुन्हा लिहू शकता.' मधल्या काळात रोज मेसेज आले तर त्यांना उत्तर द्यायचं नाही, आणि उत्तर देणार नाही हे आधीच सांगून ठेवायचं. एकाच अपिलावर पाच ॲडमिन पाच ठिकाणी पाच प्रकारे बोलले की समोरचा सगळ्यात मऊ माणूस शोधून त्यालाच धरतो. काका सध्या तुमच्यातल्या दोघांना फोन करताहेत, ते थांबवायचा उपाय हाच: फोन घ्या, विचारपूस करा, आणि बंदीचा विषय निघाला की 'तुम्ही लिहून द्या, ते दोघं वाचतील' एवढंच म्हणा.

ज्यांनी त्या रात्री बॅन केलं, त्या ॲडमिनला तुमच्यातले काही जण बोल लावताहेत, तेही थांबवा. त्या मुलीच्या नोकरीवर कमेंटी चालू असताना कुणीतरी बटण दाबायलाच हवं होतं. राहिली ती फक्त नोटीस. ती आज संध्याकाळी त्यांनीच लिहावी, बाकी चौघांनी एकदा वाचून विशेषणं काढावीत आणि काकांना पाठवावी. मुदत मात्र बॅन केलेल्या रात्रीपासूनच मोजा, उशीर तुमच्याकडून झालाय. आणि त्या मुलीलाही एक मेसेज पाठवा. तिच्या मिरचीच्या पानांचं काय झालं, हे अजून ग्रुपवर कुणीच सांगितलेलं नाही. पानं वरच्या बाजूला वळून आकसली असतील तर बहुतेक फुलकिडे आहेत, पानांच्या मागच्या बाजूला निंबोळी अर्काची फवारणी करून बघायला सांगा.